कानात बसणाऱ्या इअरफोनची टिप: आधी माप, मग खोली, साहित्य शेवटी

कानाच्या नळीत बसणाऱ्या इअरफोनबद्दल सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे ‘बेस नाही’. बहुतेक वेळा तिचे कारण इअरफोनच्या आतल्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे आवाज निर्माण करणाऱ्या भागात, नसते, तर त्याच्या टोकावर बसवलेल्या छोट्याशा टिपमध्ये असते. दुकानात तिला सरसकट ‘रबर’ म्हणतात. डब्यात लहान, मध्यम आणि मोठ्या अशा तीन जोड्या मिळतात, मध्यम जोडी कारखान्यातूनच चढवून आलेली असते आणि पुष्कळ ग्राहक उरलेल्या दोन जोड्यांची पिशवी फोडतही नाहीत. मग आवाज पातळ वाटतो, इअरफोन चालताना निसटतो किंवा अर्ध्या तासात कान दुखू लागतो, आणि दोष मात्र इअरफोनला दिला जातो.

योग्य टिप शोधण्याचा एक क्रम आहे: आधी नोझलला, म्हणजे इअरफोनच्या पुढे आलेल्या छोट्या नळीला, बसणारी टिप, मग कानाचे माप, मग इअरफोन घालण्याची पद्धत, मग टिप किती आत बसते ते, त्यानंतर तिच्या भोकाची रुंदी आणि सर्वांत शेवटी ती कशाची बनलेली आहे हा प्रश्न. बाजारात हा क्रम बरोबर उलटा चालतो. फोम घ्यावा की सिलिकॉन इथूनच बोलणे सुरू होते. चुकीच्या मापाची महागडी टिप योग्य मापाच्या फुकट मिळालेल्या टिपपुढे टिकत नाही, त्यामुळे पैसे खर्च करण्यापूर्वी पहिल्या दोन पायऱ्या घरीच पार पाडाव्यात.

फट राहिली की काय होते

खालच्या कंप्रतेचा, म्हणजे जाड आणि घुमणारा, आवाज नीट ऐकू येण्यासाठी ड्रायव्हरचा पडदा आणि आपल्या कानाचा पडदा यांच्यामधली हवा बंदिस्त असावी लागते. ड्रायव्हर पुढे सरकला की या बंदिस्त हवेवर दाब येतो आणि तोच दाब कानाच्या पडद्यापर्यंत पोहोचतो. टिप आणि त्वचा यांच्यामध्ये फट असेल तर सावकाश होणारा दाबातला बदल फटीतून बाहेर निघून जातो. वेगाने होणाऱ्या, म्हणजेच वरच्या कंप्रतेच्या, बदलांना निसटायला तेवढी उसंत मिळत नाही, म्हणून ते जवळपास जसेच्या तसे पोहोचतात. तबल्याच्या ध्वनिमुद्रणात हे फार स्पष्ट कळते. फट असताना चाटीवरचा ‘ना’ खणखणीत ऐकू येतो, पण डग्ग्याची घुमक आणि तिच्यातली मींड जवळपास नाहीशी होते. बेस कमी झाला की वरचे स्वर आपोआप अधिक टोचू लागतात, त्यामुळे ‘आवाज कर्कश आहे’ आणि ‘बेस नाही’ या दोन तक्रारींचे मूळ पुष्कळदा एकच असते.

आवाजाची पातळी बेताची ठेवता येणे हा नीट बसलेल्या टिपचा आणखी एक लाभ आहे. बाहेरचा गोंगाट आत येत असेल तर माणूस नकळत आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मर्यादेनुसार प्रौढांनी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तासांपेक्षा जास्त ऐकू नये, आणि पातळी ३ डेसिबलने वाढली की ही मुदत निम्मी होते. म्हणजे ८३ डेसिबलला २० तास आणि ८६ डेसिबलला अवघे १० तास. लोकलच्या डब्यात सैल टिप घालून ऐकणाऱ्याची ही मुदत फार लवकर संपते.

कानाच्या नळीविषयी थोडेसे

प्रौढ माणसाच्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब आणि सरासरी ७ मिलिमीटर व्यासाची असते, परंतु ती सरळही नसते आणि गोलही नसते. तिला दोन वळणे असतात आणि तिचा छेद लंबगोल असतो. बाहेरचा सुमारे एक तृतीयांश भाग कूर्चेचा असल्यामुळे थोडाफार लवतो, तर आतला भाग हाडाचा असून त्यावरची त्वचा अतिशय पातळ आणि हळवी असते. जबड्याचा सांधा नळीच्या अगदी पुढ्यात असल्यामुळे बोलताना, जांभई देताना किंवा चावताना बाहेरच्या भागाचा आकार बदलतो. शांत बसलेले असताना घट्ट वाटणारी टिप वडापाव खाताना सैल पडते ती याच कारणाने.

दोन्ही कान सारखे असतील असे मुळीच गृहीत धरू नये. डाव्या कानाला मध्यम आणि उजव्याला लहान टिप लागणे ही अगदी सामान्य गोष्ट आहे, आणि ज्यांना ‘एकच बाजू नेहमी निसटते’ असा अनुभव येतो त्यांनी प्रत्येक कानाचे माप स्वतंत्रपणे ठरवले तर बहुधा तिथेच प्रश्न मिटतो.

पहिली पायरी: नोझल आणि टिपचा गाभा

टिपच्या मधोमध एक जाड नळी असते. तिला आपण गाभा म्हणू. बाहेरचा छत्रीसारखा पातळ भाग कानाला टेकतो, तर गाभा इअरफोनच्या नोझलवर चढतो. गाभा नोझलपेक्षा सैल असेल तर इअरफोन काढताना टिप कानातच राहण्याचा धोका असतो, आणि फार घट्ट असेल तर चढवतानाच तो फाटतो. व्हर्निअर कॅलिपर असल्यास नोझलचा बाहेरचा व्यास दोन ठिकाणी मोजावा: एकदा टोकाच्या कडेवर आणि एकदा त्या कडेच्या मागच्या खाचेत. सध्याच्या बहुतेक वायरवाल्या इअरफोनचे नोझल साडेचार ते सहा मिलिमीटरच्या दरम्यान असते. शुअर, वेस्टोन आणि एटिमॉटिक या कंपन्यांच्या इअरफोनचे मात्र फार बारीक, साधारण ३ मिलिमीटरच्या आसपासचे असते, त्यामुळे त्यांच्या टिप्स इतरांना चालत नाहीत आणि इतरांच्या त्यांना चालत नाहीत. फोमच्या टिप्स बनवणाऱ्या कम्प्लाय कंपनीच्या जुन्या क्रमांकांत हाच फरक दिसतो: १०० हा क्रमांक बारीक नोझलसाठी, ४०० मध्यम जाडीसाठी आणि ५०० जाड नोझलसाठी. कॅलिपर नसेल तर आपल्या इअरफोनचे मॉडेल आणि टिपचे मॉडेल यांचा मेळ विक्रेत्याकडून लेखी विचारून घ्यावा. ‘सगळ्यांना बसते’ या उत्तरावर विसंबू नये.

टिप चढवण्याची रीतही शिकून घेण्यासारखी आहे, कारण बहुतेक टिप्स फाटतात त्या वापरताना नव्हे, बदलताना. छत्री बोटांनी मागे उलटवावी म्हणजे गाभा उघडा पडतो. मग गाभ्याची एक कड नोझलच्या कडेवर तिरकी अडकवून, हलका पीळ देत उरलेला भाग पुढे ढकलावा आणि कडेवरून सरकल्याची बारीकशी जाणीव बोटांना होईपर्यंत थांबू नये. त्यानंतर छत्री पूर्ववत करावी. काढतानाही छत्री उलटवून गाभाच धरावा. छत्रीला धरून ओढले की ती गाभ्याच्या सांध्यापाशी चिरते, आणि ती चीर इतकी बारीक असते की पुढचे कित्येक दिवस बेस कुठे गेला ते कळत नाही.

दुसरी पायरी: माप

लहान, मध्यम, मोठे या मापांसाठीच्या S, M, L या अक्षरांचा अर्थ कंपनीगणिक बदलतो. टिपचा बाहेरचा व्यास सहसा १० ते १४ मिलिमीटरच्या दरम्यान असतो, आणि एका कंपनीची मध्यम टिप दुसऱ्या कंपनीच्या मोठ्या टिपएवढी निघू शकते. म्हणून नवी टिप मागवताना अक्षरापेक्षा मिलिमीटर पाहावेत. जपानच्या फायनल या कंपनीची ई-प्रकारची टिप पाच मापांत मिळते. त्यामुळे ज्यांचा कान मध्यम आणि मोठे यांच्या मधे कुठेतरी अडकतो किंवा ज्यांना सर्वांत लहान टिपही मोठी होते, त्यांची तिच्यामुळे सोय होते. पहिल्यांदा घेताना एकाच मापाच्या तीन जोड्यांऐवजी प्रत्येक मापाची एक जोडी असलेले पाकीट घ्यावे.

इअरफोन निसटतो म्हणजे टिप लहान आहे असा निष्कर्ष जवळजवळ प्रत्येक जण काढतो, पण तो पुष्कळदा चुकीचा असतो. टिप गरजेपेक्षा मोठी असेल तर ती नळीत शिरतच नाही. तोंडाशी अडकून राहते आणि जबड्याच्या पहिल्याच हालचालीला बाहेर ढकलली जाते. शिवाय तिची छत्री नळीच्या मापात मावण्यासाठी दुमडते, आणि त्या दुमडीच्या चुणीतून हवा जायला वाट राहते. म्हणजे कानावर दाब भरपूर, तरीही बेस नाही, अशी विचित्र अवस्था निर्माण होते. इअरफोन कानातून हळूच काढून छत्रीकडे पाहिल्यास तिच्यावर एका बाजूला लांबट मोड दिसतो; तो दिसला की एक माप खाली यावे. याउलट टिप लहान असेल तर ती सहज आत जाते, दाब जाणवत नाही, पण डोके हलवले की इअरफोन फिरतो आणि बाहेरचा आवाज मोकळेपणाने आत येत राहतो. तेव्हा एक माप वर जावे. दोन्ही मापे चालतात असे वाटल्यास लहान माप निवडावे, कारण ते अधिक आत जाते आणि बराच वेळ घातले तरी कान दुखत नाही.

तिसरी पायरी: घालण्याची पद्धत

ही पायरी कंटाळवाणी वाटेल, पण माप बरोबर असूनही अनेकांना बेस मिळत नाही तो केवळ इअरफोन नुसता दाबून बसवल्यामुळे. उजव्या कानात घालताना डावा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी (बाहेर दिसणाऱ्या कानाचा वरचा भाग) वर आणि मागे ओढावी. त्यामुळे नळीचे वळण काहीसे सरळ होते. तोंड किंचित उघडे ठेवावे, इअरफोन हलका मागेपुढे फिरवत आत न्यावा, तो टेकला की पाळी सोडावी आणि मगच बोट काढावे. वायर कानामागून घ्यायची रचना असेल तर आधी इअरफोन बसवावा आणि नंतर वायर कानावर चढवावी. उलट क्रमाने केल्यास वायर इअरफोनला बाहेर खेचत राहते.

फोमची टिप दोन बोटांत गोल वळून बारीक करावी, लगेच आत घालावी आणि ती फुगेपर्यंत पंधरा ते तीस सेकंद बोटाने धरून ठेवावी. हा धीर न धरणाऱ्यांना फोम अर्धवट बाहेर फुगतो आणि ते फोमला नावे ठेवतात.

सिलिकॉनची टिप आत जाताना कधीकधी कागद चुरगळल्यासारखा बारीक आवाज येतो. अडकलेल्या हवेच्या दाबाने ड्रायव्हरचा पातळ पडदा वाकल्याचा तो आवाज असतो. सावकाश घातल्यास तो बहुधा येत नाही. काढतानाही झटका देऊ नये. पाळी ओढून आधी हवा आत जाऊ द्यावी आणि मग इअरफोन फिरवत बाहेर काढावा, नाहीतर पडद्यावर ओढ बसते, इअरफोनच्याही आणि कानाच्याही.

टिप हवाबंद बसली आहे का, हे तपासणे

सर्वांत सोपी परीक्षा विनासाधनाची आहे. गाणे बंद ठेवून दोन्ही इअरफोन घालावेत आणि तोंड मिटून एक लांब हुंकार द्यावा. नळी बंद असेल तर स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो, कारण हाडांतून नळीत आलेल्या खालच्या कंप्रतांना बाहेर पडायला वाट उरत नाही. घुमणे दोन्ही बाजूंना सारखे असावे. एका बाजूला ते कमी जाणवले तर त्या बाजूला फट आहे असे समजावे.

दुसरी परीक्षा स्वरांची आहे. फोनवर कंप्रता निर्माण करणारे कुठलेही मोफत ॲप घेऊन ५० हर्ट्झचा साधा स्वर अगदी कमी आवाजात लावावा आणि इअरफोन बोटाने हलकेच आत दाबावा. दाबल्याबरोबर स्वर ठळक झाला आणि सोडल्यावर ओसरला, तर टिप हवाबंद बसलेली नाही. इथे एक बारकावा पाळावा लागतो. पुष्कळ इअरफोनच्या कवचावर सुईच्या टोकाएवढे हवेचे छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. बोट त्यावर पडले की बेस तसाही बदलतो आणि परीक्षेचा निकाल खोटा निघतो, म्हणून दाबताना कवचाच्या कडा धराव्यात आणि छिद्र उघडे ठेवावे.

तिसरी परीक्षा मध्यभागाची. एकट्या निवेदकाचा आवाज असलेली बातमी किंवा व्याख्यान लावावे; तो आवाज डोक्याच्या बरोबर मध्यभागी ऐकू यायला हवा. गाणे ऐकताना डग्गा किंवा पखवाज एका बाजूला झुकतो पण गायकाचा आवाज मध्येच राहतो, असे झाल्यास दुसऱ्या बाजूची टिप गळते आहे. यानंतर तोंड पूर्ण उघडावे, काहीतरी चावावे, मान दोन्हीकडे वळवावी, जिना उतरून यावा. या हालचालींत बेस क्षणभर जाऊन आपोआप परत आला तर हरकत नाही. गेला तो गेलाच असे होत असेल तर माप किंवा आकार बदलावा लागेल.

चौथी पायरी: खोली, म्हणजे टिप किती आत बसते

इथे थोडे थांबण्यासारखे आहे, कारण टिप बदलल्यावर ‘आवाज बदलला’ असे जे वाटते त्यातला मोठा भाग साहित्याचा नसून खोलीचा असतो. नळी बंद केली की तिच्यात उरलेल्या हवेच्या स्तंभाला स्वतःची एक अनुनादी कंप्रता मिळते, म्हणजे त्या कंप्रतेचा स्वर आपोआप मोठा होतो. ढोबळ हिशेब असा: कोमट हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३५० मीटर धरला आणि नोझलपासून कानाच्या पडद्यापर्यंतचे अंतर २२ मिलिमीटर धरले, तर अर्ध्या तरंगलांबीचा अनुनाद जवळजवळ ८,००० हर्ट्झवर येतो. टिप २ मिलिमीटर आत सरकली आणि अंतर २० मिलिमीटर झाले तर तोच अनुनाद ८,७५० हर्ट्झवर जातो. टिप बाहेर सरकली की तो खाली येतो. इअरफोनच्या मोजमापांच्या आलेखांत ८,००० हर्ट्झच्या आसपास नेहमी दिसणारे शिखर बहुतांशी हेच असते. ते मोजणी करणाऱ्या कृत्रिम कानाचे आणि तिथल्या खोलीचे असते, आपल्या कानातले शिखर वेगळ्या जागी असू शकते.

व्यवहारात याचा परिणाम असा की उथळ बसणारी टिप हे शिखर सहा-सात हजार हर्ट्झकडे ओढते, आणि तिथेच ‘स’, ‘श’, ‘च’ या वर्णांची सणसण असते. निवेदिकेचा प्रत्येक ‘स’ शिट्टीसारखा टोचत असेल, टाळ-झांजांचा आवाज पत्र्यासारखा लागत असेल, तर इअरफोन बदलण्यापूर्वी तो दोन मिलिमीटर आत नेऊन पाहावा. शिखर नेमके कुठे आहे हे शोधण्यासाठी ॲपवर ४,००० पासून १०,००० हर्ट्झपर्यंत स्वर अतिशय हळू आणि अतिशय कमी आवाजात सरकवावा, आणि तो सर्वांत मोठा कुठे होतो ते टिपून ठेवावे. मग इअरफोन किंचित आत-बाहेर करून पुन्हा तेच करावे. जे शिखर सरकते ते आपल्या नळीचे. जे जागचे हलत नाही ते इअरफोनचे, आणि त्याला टिप बदलून फारसा इलाज नाही. ही एक परीक्षा केली तरी निरर्थक खरेदी पुष्कळ वाचते.

खोली वाढवण्याचे उपाय तीन आहेत. एक माप लहान टिप घेणे हा पहिला. लांबट आणि निमुळती टिप घेणे हा दुसरा. बुटक्या, रुंद टिप्स नळीच्या तोंडाशीच बसतात. तिसरा म्हणजे दोन किंवा तीन छत्र्यांच्या टिप्स, ज्यांचा सर्वांत परिचित नमुना म्हणजे एटिमॉटिकच्या ईआर-४ या १९९१ साली आलेल्या इअरफोनची तीन छत्र्यांची टिप. ती दुसऱ्या वळणापर्यंत जाते, बाहेरचा आवाज फार परिणामकारकपणे थांबवते आणि चालताना पावलांचा धपधप आवाजही बराच कमी करते, कारण नळीचा लवचिक भाग बंदिस्त पोकळीबाहेर राहतो. तरीही माझ्या मते ती सर्वांसाठी नाही. आतल्या हाडाच्या भागावरची त्वचा इतकी पातळ असते की तिथला स्पर्श अनेकांना कधीच सवयीचा होत नाही, आणि टोचेपर्यंत आत ढकलणे कुणालाच हिताचे नाही. दुखणे सुरू झाले की तीच आपल्या कानाची मर्यादा मानावी.

पाचवी पायरी: भोकाची रुंदी

टिपच्या तोंडाचे भोक नोझलच्या भोकाएवढे किंवा त्याहून रुंद असेल तर वरचे स्वर मोकळे राहतात; अरुंद असेल तर ते काहीसे दबतात आणि त्या तुलनेत बेस भरीव वाटतो. जेव्हीसीच्या स्पायरल डॉट टिप्स रुंद भोकाच्या टिप्समध्ये नावाजल्या गेल्या. त्यांच्या आतल्या भिंतीवर बारीक खळगे असतात. टोचणाऱ्या इअरफोनला अरुंद आणि मंद वाटणाऱ्याला रुंद, इतका नियम पुरेसा आहे, पण तो माप आणि खोली ठरल्यानंतरच लावावा. अरुंद नळीच्या कानात मऊ, रुंद भोकाची टिप घातली तर भोक चेपून लंबगोल होते आणि मोकळ्या आवाजाऐवजी दबलेला आवाज मिळतो. अशा कानांना गाभा कडक आणि छत्री मऊ असलेली टिप मानवते.

सहावी पायरी: साहित्य

साधे सिलिकॉन टिकाऊ, धुण्याजोगे आणि स्वस्त असते, आणि बहुसंख्य लोकांना त्यापलीकडे जाण्याची गरज नसते. फायनल ई, तैवानच्या स्पिनफिटची सीपी१०० ही मालिका, किंवा इअरफोनसोबत आलेल्या टिप्स, यांत आपले माप सापडले तर शोध इथेच थांबवावा. स्पिनफिटच्या टिपमध्ये छत्री आणि गाभा यांच्यामध्ये लवचिक मान असते. नळीचा कोन आणि नोझलचा कोन जुळत नसेल तर छत्री त्या मानेवर वळून नळीच्या दिशेने बसते. ज्यांचा इअरफोन नेहमी एका विशिष्ट कोनात धरल्यावरच बेस देतो, त्यांनी ही रचना आधी करून पाहावी.

फोम कानाच्या आकारात फुगतो, त्यामुळे लंबगोल किंवा वाकड्या नळीत तो सिलिकॉनपेक्षा सहज हवाबंद होतो आणि बाहेरचा गोंगाटही चांगला थांबवतो. मोबदल्यात तो वरचे स्वर थोडे शोषतो. ज्यांना आवाज टोचतो त्यांना हा गुण वाटेल. तंबोऱ्याच्या जवारीतली झिणझिण ऐकायला इअरफोन घेणाऱ्यांना तो दोष वाटेल. फोम घाम आणि मळ धरून ठेवतो, काही महिन्यांत त्याची फुगण्याची गती मंदावते, आणि नियमित वापरात तो बदलत राहावा लागतो. हा चालू खर्च घेतानाच हिशेबात धरावा.

तिसरा प्रकार थर्मोप्लास्टिक इलास्टोमरचा, म्हणजे रबरासारख्या लवचिक प्लास्टिकचा. कोरियाच्या ॲझलाची झेलास्टेक ही टिप त्यातली प्रसिद्ध आहे. अंगाच्या उष्णतेने ती मऊ होऊन नळीचा आकार घेते आणि तिचा पृष्ठभाग किंचित चिकट असल्यामुळे इअरफोन जागचा हलत नाही. हीच चिकटपणाची बाजू धूळ आणि केसही गोळा करते, म्हणून ती वारंवार पुसावी लागते. किमतीला ती कधीकधी एखाद्या स्वस्त इअरफोनच्या बरोबरीला जाते, आणि तेवढ्या पैशांत आपण टिप घेत आहोत की नवा इअरफोन हे एकदा स्वतःला विचारावे.

कानात तेल घालण्याची सवय असलेल्या घरांत एक वेगळीच अडचण येते: नळीच्या तोंडाशी राहिलेल्या तेलामुळे गुळगुळीत सिलिकॉन हळूहळू बाहेर घसरते. अशांनी टिपला दोष देण्यापूर्वी कानाचा बाहेरचा भाग कोरड्या मऊ कापडाने पुसून पाहावा.

बिनतारी इअरफोनचे निराळे नियम

बिनतारी इअरफोन डबीत बसले पाहिजेत, ही मोठी मर्यादा असते. उंच टिप घातली की झाकण लागत नाही किंवा चार्जिंगचे संपर्क नीट टेकत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी मुद्दाम बुटक्या केलेल्या टिप्स, जसे स्पिनफिटची सीपी३६०, घ्याव्या लागतात. काहींचे नोझल लंबगोल असते आणि ॲपलच्या एअरपॉड्स प्रोसारख्या इअरफोनला तर टिप स्वतःच्या खास कड्याने अडकते, त्यामुळे तिथे त्या मॉडेलसाठीचीच टिप चालते. सोनीच्या डब्ल्यूएफ-१०००एक्सएम४ आणि एक्सएम५ सोबत पॉलियुरेथेन फोमच्या टिप्स मिळतात. त्या झिजल्यावर सिलिकॉनच्या लावल्यास आवाजाचा तोल बदलतो हे लक्षात ठेवावे.

गोंगाट कमी करणारी यंत्रणा असलेल्या इअरफोनमध्ये हवाबंदपणाला दुहेरी महत्त्व येते, कारण ही यंत्रणा मुख्यतः खालच्या कंप्रतांवर काम करते आणि फटीतून आत शिरतात त्याही नेमक्या त्याच. ॲपमध्ये टिपचे माप तपासण्याची सोय असेल तर ती वापरावी, पण ती फक्त हवा गळते का ते सांगते. एक तासाने दुखेल का, हे तिला कळत नाही.

दोन टिप्सची तुलना कशी करावी

एका वेळी एकच गोष्ट बदलावी. ज्या टिपला बेस जास्त मिळतो ती एकंदरच मोठी वाजते आणि मोठे ते चांगले असे कानाला वाटते, म्हणून प्रत्येक वेळी गायकाचा आवाज सारख्याच पातळीवर आणून मग तुलना करावी. त्याच दोन-तीन ध्वनिमुद्रणांचे तेच तुकडे वापरावेत: एकात डग्गा किंवा पखवाज, एकात टाळ किंवा झांज, एकात नुसते बोलणे. पहिल्या पाच मिनिटांचा निकाल ग्राह्य धरू नये, कारण कानाला नव्या तोलाची सवय व्हायला वेळ लागतो आणि दुखणे तर त्याहून उशिरा कळते. निवडलेली जोडी सलग एखादा तास वापरून मगच बाकीच्या मापांची पिशवी कपाटात टाकावी.

निगा

सिलिकॉनच्या टिप्स इअरफोनवरून काढून कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवाव्यात आणि पूर्ण वाळल्यावरच चढवाव्यात. पाण्याचा एक थेंब नोझलच्या जाळीवर बसला तरी त्या बाजूचा आवाज दबतो. आठवड्यातून एकदा जाळी उजेडात धरून पाहावी. एका बाजूचा आवाज हळूहळू कमी होत असेल तर कारण बहुधा जाळीवरचा कानातला मळ असतो. इअरफोन नोझल खाली करून धरावा आणि कोरड्या, मऊ ब्रशने मळ बाहेरच्या दिशेने झाडावा. वरून घासल्यास तो आत जातो. फोमला स्पिरिट लावू नये, फक्त कोरड्या कापडाने पुसावे.

कोकण, मुंबई आणि गोव्याच्या पावसाळी हवेत आणखी एक काळजी घ्यावी लागते. दमट, उबदार आणि बंद नळीत बुरशीचा संसर्ग सहज होतो, म्हणून आंघोळीनंतर कान कोरडे होईपर्यंत इअरफोन घालू नयेत, घामाने ओली झालेली टिप तशीच डबीत बंद करू नये आणि स्वतःच्या टिप्स दुसऱ्याला देऊ नयेत. कान वाहत असेल, पडद्याला छिद्र असेल किंवा खाज आणि दुखणे थांबत नसेल तर नळीत बसणारे इअरफोन बंद ठेवून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. टिप कानातच राहिली तर चिमटा, काडी किंवा सेफ्टी पिन घालून ती काढण्याचा प्रयत्न करू नये, कारण ती हमखास आणखी आत जाते. तेही काम डॉक्टरांचेच. छत्रीची कड पिवळी पडली, कडक झाली किंवा गाभा नोझलवर सैल फिरू लागला की ती जोडी फेकून द्यावी आणि तेच मॉडेल, तेच माप पुन्हा घ्यावे, म्हणून घेतलेल्या टिपचे नाव आणि दोन्ही कानांची मापे फोनमध्ये लिहून ठेवावीत.